कॉलेज प्रोजेक्टसाठी म्युझिक व्हिडिओ करताय? आधी हे वाचा

कॅमेरा कुठला घ्यायचा यावर दोन दिवस भांडू नका, ग्रुपमधल्या कोणाचातरी बरा फोन असतोच, तोच घ्या. आधी गाणं फायनल करा, आणि फायनल म्हणजे फायनल, नंतर टेम्पो (गाण्याचा वेग) बदलला तर शूट केलेलं सगळं पाण्यात.

फोनमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (एका चित्रासाठी किती वेळ उजेड घ्यायचा) १/५० सेकंद ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली पट्ट्या लुकलुकत नाहीत. एक्सपोजर (चित्र किती उजळ दिसणार ते) न् फोकस लॉक करायला विसरू नका.

लिपसिंकसाठी ब्लूटूथ स्पीकरवर तेच गाणं मोठ्याने लावायचं आणि गाणाऱ्याने नुसते ओठ हलवायचे नाहीत, खरंच गायचं, नाहीतर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि खोटं लगेच कळतं. फोनचा माइक चालूच ठेवा, तो आवाज शेवटी वापरायचा नसतो पण एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या आलेखावरून) क्लिप्स गाण्याशी आपोआप जुळतात, आणि त्याचं फ्री व्हर्जन भरपूर झालं.

आता भारी ट्रिक, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा टेम्पो दुप्पट करा, त्यावर धडाधड गाऊन सेकंदाला ५० फ्रेम्सने शूट करा, मग एडिटिंगमध्ये २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर मूळ गाण्याखाली निम्म्या स्पीडने लावा, ओठ गाण्याबरोबर बरोब्बर आणि केस, ओढणी, पाऊस सगळं स्लो मोशनमध्ये!

सिनेमातलं गाणं घेतलंत तर यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो, त्यापेक्षा वर्गातल्याच कुणाचं तरी ओरिजिनल गाणं घ्या, बेसूर असलं तरी चालेल.