एसी लावूनही इलेक्ट्रिक गाडीची रेंज कशी सांभाळावी

एसीने रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, किती घटते, याला एकच उत्तर नाही. मोटर वीज खाते किलोमीटरच्या हिशेबाने, एसी खातो तासाच्या हिशेबाने.

समजा, एसी सरासरी 1 किलोवॅट घेतो, म्हणजे तासाला 1 युनिट, आणि नुसतं चालायला गाडीला 100 किलोमीटरमागे 14 युनिट लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 ने हे अंतर सव्वा तासात संपतं, म्हणजे एसीची सव्वा युनिट. ट्रॅफिकमध्ये ताशी 20 ने रखडलात तर पाच तास, पाच युनिट. एसी तोच, फटका चौपट. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने 2019 मध्ये पाच गाड्या तपासल्या, तेव्हा 35 अंश सेल्सिअसला एसी लावल्यावर रेंज सरासरी 17 टक्के घटली होती.

आधी आपल्या गाडीचा आकडा काढा. ट्रिप मीटर शून्यावर आणा, रोजच्याच रस्त्याने, साधारण त्याच वेळी, एकदा एसी लावून आणि एकदा बंद ठेवून जा. दर 100 किलोमीटरमागे किती युनिट गेली तेवढं टिपा. डॅशबोर्डवरचे 'उरलेले किलोमीटर' पाहून घाबरू नका, तो निव्वळ अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत एसीचं बटण दाबताच तो खाली येतो.

मग सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सांभाळा, खरी बचत तिथेच आहे. उन्हात तापलेली केबिन गार करताना कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा पंप, 3-4 किलोवॅटही ओढू शकतो. गार झाल्यावर मात्र बरंच कमी लागतं. म्हणून निघण्याआधी, चार्जर लावलेला असतानाच गाडीच्या ॲपवरून एसी सुरू करा. ही वीज बॅटरीतून जात नाही. चार्जर नसेल तर सगळ्या काचा उघडून मिनिटभर गाडी चालवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मगच काचा लावून एसी सुरू करा.

तापमान 24-25 वर, मोड ऑटो. 18 वर ठेवल्याने केबिन लवकर गार होत नाही. सुरुवातीला कॉम्प्रेसर तसाही पूर्ण जोरात असतो, फक्त पुढे त्याला उसंत मिळत नाही. हवा आतल्या आत फिरती ठेवा, पण लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची घ्या, नाहीतर डोळे जड होतात.

एसी बंद असूनही कॉम्प्रेसरचा आवाज आला तर बिघाड समजू नका. अनेक गाड्यांत तोच बॅटरीही थंड करतो, विशेषतः फास्ट चार्जिंगच्या वेळी. इथे काटकसर नको.

हायवेवर एसी बंद करून काचा उघडणं फारसं फायद्याचं नाही: हवेचा अडथळा वाढतो आणि घाम येतो तो वेगळाच. तिथे वेग 100 वरून 90 वर आणा. साधारणपणे एसी बंद केल्यापेक्षा जास्त वाचतं.