शोधनिबंध परत येतोय? पाठवण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या आसपास सोयाबीनवर काम करणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. प्रयोग बहुतेकांचे चोख असतात. तरी निबंध समीक्षकापर्यंत पोचायच्या आतच संपादकाकडून परत येतो आणि मग 'बाहेरचे लोक आपलं छापत नाहीत' अशी कुरकुर सुरू होते. खोट बरेचदा साधी असते. जे आपल्याला रोज डोळ्यांपुढे दिसतं, ते आपण लिहीतच नाही.

'पेरणी खरीप हंगामात केली' हेच वाक्य घ्या. परदेशात बसलेल्या संपादकाला खरीप म्हणजे काय ठाऊक? शिवाय सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक, म्हणजे दिवस लहान होऊ लागले की फुलणारं. इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. जूनअखेर पेरलेल्या आणि जुलैच्या मध्यात पेरलेल्या रोपांना दिवस सारखा मिळत नाही, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंतचे दिवसही बदलतात. म्हणून पेरणीची तारीख, अक्षांश-रेखांश, मातीचा प्रकार आणि हंगामातला पाऊस, सगळं लिहा. वाणाचं पूर्ण नाव द्या. 'जेएस ९५-६०' हा 'जेएस ३३५'पेक्षा लवकर तयार होतो. नुसतं 'स्थानिक वाण' म्हटलं तर तुमच्या आकड्यांना अर्थच उरत नाही. बियाणं कुठून आणलं तेही सांगा. आणि बिघ्याला क्विंटल नको, हेक्टरी किलो. बिघा तर दर मुलखात वेगळा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'एन = ३'. एन म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र नमुन्यांची संख्या. एका कुंडीतल्या एकाच रोपाची तीन पानं मोजली, तर तो 'एन' एकच. पाणी तेच, माती तीच, रोपही तेच. एकच आरएनए नमुना पीसीआर यंत्राच्या (जनुकांचं प्रमाण मोजणाऱ्या) तीन खड्ड्यांत घातला तरी तसंच. त्याने तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं, झाडाबद्दल काही कळत नाही. असं झालंच असेल तर दर कुंडीची सरासरी काढा, कुंड्या मोजा आणि विश्लेषण पुन्हा करा. कुंड्याच दोन-तीन असतील तर दावा आवरता घ्या, नाहीतर पुढचा हंगाम धरा. कडू आहे, पण समीक्षकाने सांगण्यापेक्षा बरं. आलेखावरच्या उभ्या रेघा प्रमाण विचलनाच्या (मोजमापं किती विखुरली) की प्रमाण त्रुटीच्या (सरासरी किती अनिश्चित), तेही चित्राखाली लिहा.

बाकीच्या चुका तासाभरात निस्तरतात. प्रजातीचं लॅटिन नाव तिरप्या अक्षरांत, वाणाचं सरळ अक्षरांत आणि एकेरी अवतरणात. जनुक तिरपं, त्याचं प्रथिन सरळ. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोखाली '४०० पट' लिहू नका, फोटोवरच मोजपट्टी आखा. छापताना आकार बदलला की पट खोटा ठरतो. एक्सेलच्या आलेखाचा स्क्रीनशॉट तर नकोच. डीएनए क्रम जीनबँकेत, म्हणजे अशा क्रमांच्या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहात, आधीच जमा करा, क्रमांक हातात यायला दिवस लागतात. निबंधासोबत संपादकाला लिहिलेल्या पत्रात मागच्या जर्नलचं नाव राहिलं नाही ना, तेही पाहा. हसू नका, दरवर्षी एखादं पत्र तसं निघतंच.

माझी स्वतःची फजिती वेगळीच होती. मायक्रोचं चिन्ह, म्हणजे ग्रीक 'म्यू', मी सिम्बॉल फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की जी गत होते, तीच झाली. म्यूचा झाला साधा 'एम', आणि ५० मायक्रोमोलर संप्रेरकाचं झालं ५० मिलिमोलर. हजारपट! समीक्षकाने विचारलं, रोपं जगली कशी? तेव्हापासून चिन्ह युनिकोडमध्येच टाकते, आणि सगळ्या फाइल चढवल्यावर जर्नलची प्रणाली जी पीडीएफ बनवून दाखवते, ती मंजुरीचं बटण दाबण्याआधी एकेक पान उघडून वाचते. मार्गदर्शकांचा समासातला 'हे काय लिहिलंयस?' हा शेराही एकदा तिथेच सापडला.