प्रॉडक्ट डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण : ब्रीफ लिहिण्यापासून ज्युरीपर्यंत

पदवीच्या वर्षांत डिझाइनचा ब्रीफ, म्हणजे काय आणि कोणासाठी घडवायचे हे सांगणारे कामाचे टिपण, बहुधा शिक्षकांकडून येतो आणि विद्यार्थ्याची पारख त्या ब्रीफला त्याने दिलेल्या उत्तरावरून होते. पदव्युत्तर स्तरावर ब्रीफ विद्यार्थ्यालाच लिहावा लागतो, तो हाती घेण्याजोगा का आहे हे पुराव्यानिशी दाखवावे लागते आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या पुराव्याशी जोडून ठेवावा लागतो. उत्तम स्केच काढणारे आणि कॅडवर (संगणकावरील आरेखनावर) हुकमत असलेले विद्यार्थीही पहिल्या सत्रात चाचपडतात ते याच कारणाने. हात तयार असतो, पण तो कशासाठी चालवायचा हे आता दुसरे कोणी सांगत नाही. म्हणून येथे सॉफ्टवेअर आणि सादरीकरणापेक्षा प्रश्नाची निवड, पुरावा आणि निर्णयांच्या नोंदी यांनाच अधिक जागा दिली आहे.

अभ्यासक्रमाची निवड आणि पोर्टफोलिओ

अभ्यासक्रमांची नावे एकमेकांसारखी असली तरी आतला आशय फार वेगळा असू शकतो. लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि इम्पीरियल कॉलेज मिळून जो इनोव्हेशन डिझाइन इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम चालवतात, त्यात कला आणि अभियांत्रिकी या दोन्ही बाजूंना समान मान असून विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांची पदवी मिळते. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने याच क्षेत्रासाठी तीन वेगळे मार्ग आखले : एक वस्तूच्या संपूर्ण घडणीचा, दुसरा माणूस आणि वस्तू यांच्यातील व्यवहाराचा, तिसरा व्यवसायाच्या धोरणाचा. इतर काही ठिकाणी इनोव्हेशन या शब्दाखाली प्रामुख्याने व्यवस्थापनच शिकवले जाते आणि वर्कशॉप नावापुरते असते. त्यामुळे माहितीपत्रकातील छायाचित्रांवर विसंबून न राहता सत्रनिहाय श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) तक्ता मागवावा आणि स्टुडिओ, संशोधनपद्धती, उत्पादनतंत्र व व्यवसाय यांना किती श्रेयांक आहेत ते मोजावे. वर्कशॉप किती तास खुले असते आणि विद्यार्थ्याने केलेल्या कामाच्या बौद्धिक संपदेवर हक्क कोणाचा राहतो, हे दोन प्रश्न प्रवेशापूर्वीच लेखी विचारावेत. शक्य असल्यास मागील विद्यार्थ्यांचे प्रबंध चाळावेत आणि ते चाळताना शेवटचे देखणे चित्र सोडून मधली पाने पाहावीत, कारण संस्थेत विचार करायला शिकवतात की नुसते सजवायला, हे तेथेच उघड होते.

पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या स्वतःच्या कामाच्या संग्रहात, मोजकेच प्रकल्प ठेवावेत. प्रत्येक प्रकल्पात निदान एक टाकून दिलेली कल्पना, ती टाकण्याचे कारण आणि चाचणीनंतर झालेला एखादा बदल दिसला पाहिजे. गटाने केलेल्या कामात स्वतःचा वाटा कोणता, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. उद्देशपत्रात जग सुधारण्याची भाषा टाळावी आणि ज्या क्षेत्रात काम करायचे आहे, त्यातील एखादी नेमकी अडचण मांडावी.

प्रश्न घडवण्याचे काम

होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी 1973 मध्ये नियोजनातील प्रश्नांविषयी मांडले होते की काही प्रश्नांची व्याख्याच त्यांच्या संभाव्य उत्तरावर अवलंबून असते. प्रश्न पूर्ण समजून घ्यावा आणि मग उत्तराला हात घालावा, असा सरळ क्रम तेथे चालत नाही. डिझाइनचे बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने प्रसृत केलेली दुहेरी हिऱ्याची आकृती, म्हणजे आधी विस्तार व मग संकोच अशा दोन फेऱ्या, जवळजवळ प्रत्येक प्रबंधात छापलेली आढळते. परंतु ती आकृती छापल्याने पहिला हिरा, म्हणजे प्रश्न शोधण्याची फेरी, पार पडत नाही. अनेक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात उत्तर ठरवतात आणि उरलेला काळ त्या उत्तराला शोभेल असा प्रश्न शोधण्यात घालवतात. परीक्षकांना हे सहज ओळखू येते.

प्रश्न बदलल्याने वस्तू कशी बदलते याचे एक ठळक उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठातील आहे. 2007 मध्ये तेथील एका वर्गात विद्यार्थ्यांच्या गटाला नवजात बाळांसाठी कमी खर्चाचे इनक्युबेटर तयार करण्याचे काम मिळाले. गटातील एक विद्यार्थी नेपाळमधील रुग्णालयात गेला असता, देणगी म्हणून आलेली इनक्युबेटरे रिकामी पडून असल्याचे त्याला दिसले, कारण कमी वजनाची अनेक बाळे दूरच्या खेड्यांत घरीच जन्माला येत होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. प्रश्न स्वस्त यंत्राचा राहिला नाही. विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी बाळाला ऊब कशी द्यायची, असा तो झाला. त्यातून एम्ब्रेस हे छोट्या झोपण्याच्या पिशवीसारखे साधन उभे राहिले, ज्यातील मेणासारखा पदार्थ एकदा तापवला की घट्ट होताना काही तास सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमान टिकवून धरतो. मूळ ब्रीफ जसाच्या तसा पाळला असता, तर त्याच रुग्णालयात आणखी एक यंत्र रिकामे पडले असते.

अशा निरीक्षणापर्यंत पोहोचण्यासाठी आधी एका परिच्छेदात लिहून काढावे : अडचण कोणाला येते, केव्हा येते, ती व्यक्ती आज काय करून वेळ निभावते आणि त्यात तिचे काय खर्च होते, म्हणजे वेळ, पैसा, शारीरिक त्रास की संकोच. या परिच्छेदात भावी वस्तूचे नाव आले, तर तो पुन्हा लिहावा. लोकांनी स्वतःच केलेली जुगाडे हा सर्वांत भक्कम पुरावा असतो, कारण ज्या अडचणीसाठी कोणीही काहीच जोडतोड केलेली नाही, ती अडचण बहुधा विद्यार्थ्याच्याच मनातली असते. मुलाखतीत ‘अशी वस्तू मिळाली तर वापराल का’ हा प्रश्न कधीही विचारू नये. सभ्य माणूस त्याला हो म्हणतो आणि त्या होकाराला काही किंमत नसते. त्याऐवजी मागच्या वेळी नेमके काय घडले ते क्रमाने सांगायला लावावे आणि जमल्यास करून दाखवायला सांगावे, कारण तोंडी वर्णन आणि हातांची कृती यांत पडणारा फरक हाच पुष्कळदा प्रकल्पाचा गाभा ठरतो.

नमुना निवडताना सरासरी वापरकर्त्याच्या मागे लागू नये. अमेरिकी हवाई दलासाठी गिल्बर्ट डॅनियल्स यांनी 4,063 वैमानिकांची दहा शारीरिक मापे तपासली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. कडेच्या वापरकर्त्यांकडून मात्र बरेच शिकता येते. 1990 मध्ये बाजारात आलेली ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठींची स्वयंपाकघरातील अवजारे संधिवात असलेल्या हातांचा विचार करून घडवली गेली आणि निरोगी हातांनाही तीच सोयीची वाटली. मापांच्या बाबतीत नियम साधा आहे : हात पोहोचण्याचा प्रश्न असेल तर लहान शरीराचे माप धरावे आणि अंग मावण्याचा प्रश्न असेल तर मोठ्या शरीराचे. पाचव्या ते पंचाण्णवाव्या शतमानाची, म्हणजे सर्वांत लहान पाच आणि सर्वांत मोठे पाच टक्के लोक वगळणारी, प्रचलित मर्यादा एका मापापुरती दहा टक्के लोकांना बाहेर ठेवते. अनेक मापे एकाच वेळी लागू झाली की बाहेर राहणाऱ्यांची संख्या आणखी वाढते, याचा हिशेब प्रबंधात द्यावा.

माणसांबरोबरच्या कोणत्याही अभ्यासासाठी संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यता आणि सहभागींची लेखी संमती आधी घ्यावी लागते. रुग्ण, मुले किंवा वृद्ध यांचा समावेश असेल तर या मान्यतेला बराच वेळ लागतो, म्हणून अर्ज सत्राच्या आरंभीच करावा.

कल्पना आणि प्रोटोटाइप

कल्पना सुचण्याची वाट पाहण्यापेक्षा त्या पद्धतशीरपणे काढाव्यात. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांच्या नावाने ओळखला जाणारा रूपतक्ता येथे फार उपयोगी पडतो : वस्तूची उपकार्ये एका रांगेत मांडायची, प्रत्येकाची शक्य तितकी उत्तरे पुढे लिहायची आणि मग निरनिराळ्या जोड्या लावून पाहायच्या. बहुतेक जोड्या हास्यास्पद निघतात, पण दोन-तीन अशा सापडतात ज्या एरवी सुचल्या नसत्या. निवड करताना गुणतक्ता (प्रत्येक कल्पनेला निकषांनुसार गुण देणारा तक्ता) वापरावा, मात्र निकष आणि त्यांचे भार कल्पना काढण्यापूर्वीच ठरवून त्यावर तारीख घालावी. नंतर ठरवलेले भार आवडत्या कल्पनेकडे आपसूक झुकतात.

प्रोटोटाइप (चाचणीसाठीची नमुना-प्रतिकृती) बनवण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, हे एका वाक्यात लिहावे आणि ते वाक्य लिहिता येत नसेल तर प्रोटोटाइप बनवू नये. पकड तपासायची असेल तर फोमचा तुकडा पुरेसा आहे, कृतींचा क्रम तपासायचा असेल तर पुठ्ठा आणि कागद पुरतात, यंत्रणा तपासायची असेल तर दिसायला ओबडधोबड पण चालणारा सांगाडा हवा. रूप आणि कार्य एकाच प्रतिकृतीत आणण्याचा हट्ट सुरुवातीला धरला की दोन्हींची चाचणी लांबणीवर पडते. जेम्स डायसन यांनी पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी 5,127 प्रोटोटाइप केल्याचे सांगितले जाते. त्यातली संख्या लोकांच्या लक्षात राहते, परंतु शिकण्यासारखी आहे ती एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त, कारण दोन गोष्टी एकत्र बदलल्या तर परिणाम कशामुळे झाला ते कळत नाही.

वापराच्या चाचणीसाठी पाच माणसे पुरतात, असे सर्रास लिहिले जाते. जेकब निल्सन आणि थॉमस लँडाउअर यांच्या 1993 च्या गणितामागचे गृहीतक असे आहे की सरासरीने एका व्यक्तीला सुमारे 31 टक्के दोष सापडतात. त्यावरून पाच व्यक्तींना मिळून जवळपास 85 टक्के सापडतात. हे दोष शोधण्यापुरते खरे आहे. आपली वस्तू प्रचलित वस्तूपेक्षा सरस आहे असा दावा करायचा असेल, तर पाच माणसांवरून तो करता येत नाही. त्यासाठी मोजता येणारा निकष, तुलनेसाठी दुसरी वस्तू आणि पुरेसा मोठा नमुना लागतो. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, सर्वाधिक विद्यार्थी अडकतात ते याच जागी.

उत्पादन, प्रसार आणि पेटंट

थ्रीडी प्रिंटरवर छापलेला भाग म्हणजे कारखान्यात तयार होणारा भाग नव्हे. वितळलेल्या धाग्याने थरांवर थर रचून केलेला भाग थरांच्या जोडांवर कमजोर असतो, त्यामुळे त्यावर घेतलेली ताकदीची चाचणी अंतिम वस्तूविषयी फारसे काही सांगत नाही. प्लॅस्टिकचा भाग इंजेक्शन मोल्डिंगने (वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून) करायचा असेल, तर भिंतींची जाडी सर्वत्र सारखी ठेवावी लागते, बरगड्या (भिंतीला आतून बळकटी देणाऱ्या पट्ट्या) भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीच्या ठेवाव्या लागतात, नाहीतर बाहेरून खळगे दिसतात, आणि भाग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या पृष्ठांना निदान एखादा अंश उतार द्यावा लागतो. साच्याचा खर्च एकदाच पण मोठा असल्याने तो किती नगांवर विभागला जाणार, या हिशेबावर प्रक्रिया ठरते. हा हिशेब प्रबंधाच्या परिशिष्टात न टाकता संकल्पना निवडतानाच करावा.

वस्तू चांगली असूनही लोक ती का स्वीकारत नाहीत, हा इनोव्हेशनचा खरा विषय आहे. एव्हरेट रॉजर्स यांनी स्वीकाराचा वेग ठरवणारे पाच गुण सांगितले आहेत : आधीच्यापेक्षा मिळणारा फायदा, रूढ सवयींशी जुळणे, समजायला सोपे असणे, थोडे वापरून पाहता येणे आणि दुसऱ्यांना परिणाम दिसणे. विद्यार्थी बहुधा पहिल्यावरच थांबतात. उरलेल्या चारांवर आपली वस्तू कोठे कमी पडते, हे प्रामाणिकपणे लिहिलेले एक पान बाजारपेठेच्या फुगवलेल्या आकड्यांपेक्षा अधिक वजनदार ठरते. तंत्रज्ञानाची तयारी सांगताना नासाने रूढ केलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरावी. प्रयोगशाळेत चाललेली यंत्रणा चौथ्या पायरीवर असते आणि पदव्युत्तर प्रकल्पासाठी तेवढी मजल समाधानकारक मानायला हरकत नाही.

पेटंटचा विचार असेल तर वार्षिक प्रदर्शनापूर्वीच अर्ज दाखल झाला पाहिजे. युरोपात अर्जाआधी केलेले कोणतेही जाहीर प्रदर्शन नावीन्य संपवते, तर अमेरिकेत शोधकर्त्याला स्वतःच्या प्रकटीकरणापासून एक वर्षाची सवलत मिळते. एका देशात पहिला अर्ज केल्यावर पॅरिस करारानुसार इतर सदस्य देशांत 12 महिन्यांपर्यंत त्याच तारखेचा अग्रक्रम मागता येतो. संकेतस्थळावर टाकलेले छायाचित्र किंवा गोपनीयतेची अट न घालता भरवलेली ज्युरीदेखील प्रकटीकरण ठरू शकते.

प्रबंधाचे वेळापत्रक आणि ज्युरी

युरोपीय श्रेयांकपद्धतीत एक श्रेयांक 25 ते 30 तासांच्या कामाचा धरतात, म्हणजे 30 श्रेयांकांचा प्रबंध 750 ते 900 तासांचा होतो. ऐकायला हे तास पुष्कळ वाटतात. त्यातून लेखन, नीतिविषयक मान्यता, सुटे भाग येण्याची प्रतीक्षा आणि दोन चाचण्यांमधील दुरुस्ती वजा केली की हातात उरणारा काळ बेताचाच असतो, म्हणून वेळापत्रक शेवटाकडून मागे आखावे आणि पहिली वापरकर्ता चाचणी निम्मा काळ संपण्याच्या आत ठेवावी. निर्णयवही रोज लिहावी : तारीख, काय ठरवले, कोणते पर्याय सोडले, कशाच्या आधारावर. प्रबंधाची मधली प्रकरणे पुढे या वहीतूनच जवळजवळ तयार निघतात.

ज्युरीत वस्तूची ओळख थोडक्यात करून द्यावी आणि अधिक वेळ तीन गोष्टींना द्यावा : प्रश्न कोठे बदलला, कोणत्या चाचणीने कोणता निर्णय उलटवला आणि काय अजून सिद्ध झालेले नाही. परीक्षकाने सांगितलेला दोष आधीच वहीत नोंदलेला असेल, तर ते पान उघडून दाखवावे. नसेल तर तो दोष तपासण्यासाठी कोणती चाचणी लागेल ते सांगावे. निकालानंतर सहभागींच्या ध्वनिमुद्रिका संमतिपत्रात दिलेल्या तारखेला नष्ट कराव्यात आणि मापांसह आरेखने व चाचण्यांचे मूळ आकडे विभागाकडे जमा करावेत, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला तेथून काम पुढे नेता येईल.