आधी जुना फिल्टर कापा : ट्रॅकवर जाण्यापूर्वीची तयारी

कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, म्हणजे तिथल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, गाडी न्यायचं ठरलं की आमच्या पुण्यातल्या कंपूची यादी टायरपासून सुरू होते. मग ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, हेल्मेट. ऑइल फिल्टर सगळ्यात शेवटी, तोही "ऑइल बदलताना टाकूच की एक" इतक्याच मानाचा. मी मात्र यादी त्याच्यापासूनच सुरू करतो, कारण माझ्या 2001 च्या दीड लिटर होंडा सिटी व्हीटेकमध्ये ऑइल नुसतं वंगण नाही. वरच्या आरपीएमला ऑइलच्याच दाबाने रॉकर आर्ममधल्या पिना सरकतात आणि झडपा जास्त उघडणारा मोठा कॅम कामाला लागतो. तिथल्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेला, स्वतःची एक बारीक जाळी असते. ती घाणीने भरली किंवा दाब कमी पडला, तर सरळ पट्ट्यावर जिथे गाडीने ओढायचं तिथेच ती ढिम्म होते.

म्हणून दोन आठवडे आधी पहिलं काम: जुना फिल्टर कापायचा. मागच्या वेळी काढलेला जपून ठेवला असेल तर तो. नसेल तर आत्ता लावलेला काढा आणि तेवढ्यापुरता कंपनीचा साधा बसवा. काढलेला डबा रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. कापायला हॅकसॉ घेऊ नका. ब्लेडचाच कीस आत पडतो आणि मग तोच बघून झोप उडते (माझी उडाली आहे). पाइप कटरसारखं चाक फिरवणारं फिल्टर कटर मिळतं, ते एकदा घेतलं की जन्मभर पुरतं. आतला कागद सोडवा, दोन फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये पिळा, पांढऱ्या कागदावर उलगडा आणि उन्हात घेऊन जा. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही.

उन्हात घड्या एकेक करून बघा. काळी मऊ भुकटी म्हणजे कार्बन, तो असायचाच. लाल किंवा निळ्या रबराचे शेवयांसारखे तुकडे दिसले तर कुणीतरी सम्प (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) बसवताना गॅस्केट मेकर, म्हणजे फट बुजवणारा लगदा, सढळ हाताने लावला आहे. हेच तुकडे पुढे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड-पोलाद: रिंगा, कॅम, पंप. न चिकटणारी चांदीसारखी चमक म्हणजे ॲल्युमिनियम, बहुधा पिस्टन किंवा बेअरिंगचा वरचा थर. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर बेअरिंगचा खालचा थर उघडा पडलाय. तेव्हा फिल्टर निवडण्याचा विषय तिथेच संपतो, कोइंबतूर रद्द होतं आणि सम्प खाली उतरतो. दोन-चार बारीक ठिपक्यांना घाबरू नका. बोटांत चोळल्यावर जाणवणारे पापुद्रे मात्र गंभीर.

कागद स्वच्छ निघाला की मग नव्या फिल्टरकडे वळायचं. दुकानात विचारतात, "गाडी कुठली?" आणि समोर एक डबा येतो. तो फिरवून बसला की आमचे मिस्त्री म्हणतात, "साहेब, बसतोय ना, मग झालं." इथेच घोळ आहे. होंडाचा आटा एम-20, म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दीड मिलिमीटर. सुबारूच्या फ्लॅट-फोर इंजिनाचाही हाच. रबरी रिंगचं मापही जवळजवळ सारखं. म्हणजे एकाचा डबा दुसऱ्याला आरामात चढतो. पण बाजारातल्या कित्येक डब्यांचा बायपास, म्हणजे ऑइलला कागद टाळून वाट देणारी झडप, 12 ते 15 पीएसआय (दाबाचं माप) च्या आसपास उघडतो, आणि सुबारूला 23 पीएसआयच्या आसपासचा लागतो, कारण तिचा पंप जास्त ऑइल लोटतो. बसणं आणि चालणं यात एवढा फरक.

बायपासबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून त्यावर जरा थांबतो. ऑइल पंपाला स्वतःचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो इंजिनातला एकूण दाब मर्यादेत ठेवतो. फिल्टरचा बायपास वेगळा. त्याला एकूण दाबाशी देणंघेणं नाही, कागदाच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक तेवढा त्याला कळतो. ऑइल थंड आणि घट्ट, किंवा कागद तुंबलेला, की हा फरक वाढतो, झडप उघडते आणि ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जातं. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा हे बरं, म्हणूनच ती झडप आहे. पण पंप थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, बसलेला, त्यामुळे आरपीएम वाढला की ऑइलचा लोट वाढतो. सकाळी 20W-50 सारखं घट्ट ऑइल भरलेली गाडी सुरू करून लगेच पाच हजारांपर्यंत रेटली, तर महागातला महाग फिल्टरही त्या वेळी शोभेचाच. आणि पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. ऑइल मागाहून तापतं. तेव्हा यादीत लिहून ठेवा: बायपासचा आकडा आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी जुळवायचा, आणि दुकानदाराकडे आकडा नसेल तर तो डबा घ्यायचा नाही.

आता कागद. डब्यावर "99 टक्के गाळतो" असं छापलेलं असतं. किती मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) कण, हे नसेल तर त्या 99 ला अर्थ नाही. वाळूचे खडे तर चहाची गाळणीही 99 टक्के अडवेल. आयएसओ 4548-12 नावाची चाचणी आहे, तिच्यात ऑइल पुन्हा पुन्हा फिरवून अलीकडचे-पलीकडचे कण मोजतात. त्यातून बीटा गुणोत्तर निघतं. 20 मायक्रॉनला बीटा 75 म्हणजे त्या मापाचे आणि त्याहून मोठे 75 कण आले तर एकच पलीकडे गेला, साधारण 98.7 टक्के अडले. बेअरिंगमधली फट असते काही शतांश मिलिमीटरची, म्हणजे 20 ते 70 मायक्रॉनच्या घरातली, आणि भाराखाली ऑइलचा थर त्याहून कितीतरी पातळ होतो; त्यामुळे केसाच्या जाडीपेक्षा बारीक कणच खरे शत्रू. साधा सेल्युलोज कागद रोजच्या गाडीला उत्तम. ट्रॅकसाठी मी सिंथेटिक किंवा मिश्र धाग्याचा घेतो, कारण त्याचे धागे बारीक आणि एकसारखे असल्याने तेवढंच गाळूनही प्रवाह मोकळा राहतो, आणि गरम ऑइलमध्ये तो लवकर ठिसूळ होत नाही. स्टीलच्या जाळीचे, धुऊन पुन्हा वापरायचे फिल्टर दिसायला फार देखणे. प्रवाह झकास, बारीक गाळणं बेताचं. दर दोन शर्यतींनी इंजिन उघडणाऱ्यांनी ते वापरावेत. माझं इंजिन मला रोज ऑफिसलाही नेतं.

माझ्या सिटीत फिल्टर ब्लॉकच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, आडवा बसतो. आडवा फिल्टर असेल तर अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्हला, म्हणजे इंजिन बंद असताना डब्यातलं ऑइल परत खाली वाहू न देणाऱ्या रबरी पडद्याला, दुप्पट महत्त्व. काळा पडदा असतो नायट्राइलचा, नारिंगी वगैरे रंगाचा बहुधा सिलिकॉनचा. वारंवार खूप तापलं की नायट्राइल कडक होतं, सिलिकॉन टिकतं. हे मी अनुभवाने शिकलो. एकदा नाना पेठेतल्या एका दुकानातून "ओरिजिनल" म्हणून फिल्टर आणला. खोका, होलोग्राम, एमआरपीचं लेबल, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी सुरू करताना ऑइलचा लाल दिवा तीन-चार सेकंद विझायचा नाही आणि वरून टकटक यायची. कापून पाहिला तर पडदा दप्तराच्या रबरासारखा कडक, घड्या एकीकडे दाट तर एकीकडे विरळ, आणि कागदाच्या जोडावर गोंदच नाही. करंगळीचं नख आरपार गेलं. तेव्हापासून मी एका वेळी दोन फिल्टर घेतो, एक बसवायला आणि एक कापायला. घरच्यांना हे पैसे उडवणं वाटतं. वाटू दे.

डबा मोठा घ्यायचा का? घ्यावा, जागा असेल तर. कागद जास्त म्हणजे तुंबायला वेळ जास्त आणि ऑइलही थोडं वाढतं. पण गाडी रॅम्पवर चढवून शाफ्ट, एक्झॉस्ट आणि खालचा रस्ता यांच्यापासूनचं अंतर हाताने बघा, इंजिन हलतं हे धरून.

ऑइल कूलरची सँडविच प्लेट, म्हणजे ब्लॉक आणि फिल्टर यांच्या मध्ये बसणारी चकती, लावली असेल तर आटा पुन्हा तपासा. बऱ्याच प्लेटा पाऊण इंच, 16 आट्यांच्या येतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. त्यावर एम-20 चा फिल्टर ढिला-ढिला चढतो, रिंग टेकल्यावर घट्टही वाटतो, आणि दाब वाढला की आटे सोडून उडतो. सगळं ऑइल एका लॅपात ट्रॅकवर, मागच्या गाड्या त्यावर. या एका गोष्टीसाठी कॅलिपरने मापा. डोळ्यावर विसंबू नका.

बसवायचं काम निघायच्या दोन-तीन दिवस आधी उरका. जुना काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का, हे बोट फिरवून पाहा. ती कधीकधी ब्लॉकलाच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते. दोन रिंगांचा फिल्टर घरी ठीक दिसतो, गळतो खंबाटकी घाटात. नव्या डब्यात थोडं ऑइल घालायचं तर बाहेरच्या बारीक भोकांतून घाला. मधलं मोठं भोक गाळलेल्या बाजूचं, तिथे ओतलेलं थेट बेअरिंगकडे जातं. रिंगला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरा. पाना काढायला आहे, बसवायला नाही. ट्रॅकसाठी मी डब्यावर एक मोठा होज क्लिप आवळून त्याला सेफ्टी वायर बांधतो, सुटण्याच्या उलट दिशेने ओढून. मग इंधन पंपाचा फ्यूज काढून लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा, दहा सेकंदांहून जास्त सलग नाही, आणि मगच फ्यूज परत.

डिक्कीत जाणारं सामान: एक जादा फिल्टर, चार लिटर त्याच ग्रेडचं ऑइल, फिल्टर पाना, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, जुन्या बनियनचे बोळे, झिप लागणाऱ्या दोन जाड पिशव्या. कोइंबतूरपर्यंतचे हजार-बाराशे किलोमीटर हीच फिल्टरची खरी चाचणी. साताऱ्याला चहाला थांबलात की आधी बॉनेट उघडून टॉर्च मागे मारा, रिंगच्या खाली बोट फिरवा. कोरडं असेल तर चहा. तसंच पुन्हा हुबळीला, आणि ट्रॅकवर उतरण्याआधी सकाळी. परत आल्यावर फिल्टर काढून पिशवीत घाला, वर तारीख आणि किलोमीटर लिहा, कटर तयार ठेवा.