लंडन झालं असेल तर श्रॉपशायर कसं बघायचं, दोन दिवसांत

लेकरं बर्मिंगहॅमला असली की आईवडील जातात, लंडन बघतात, घड्याळापाशी फोटो काढतात आन परत येतात. त्यातले दोन दिवस श्रॉपशायरला द्या. वेल्सच्या हद्दीला लागून असलेला शेती-मेंढ्यांचा जिल्हा, बर्मिंगहॅमहून रेल्वेनं श्रूजबरी तासाभरावर.

श्रूजबरीला सकाळचे दोन तास बास. सेव्हर्न नदीनं गावाला वेढा घातलाय, डार्विनचा जन्म इथलाच (1809), आणि भर चौकात प्लासीवाल्या क्लाइव्हचा पुतळा. तो या गावचा महापौर होता. बघून काय वाटायचं ते वाटू द्या.

तिथून 8 किलोमीटरवर रॉक्झेटर, रोमन लोकांचं शहर, त्यांच्या स्नानगृहाची उंच भिंत अजून उभी आहे. धाराशिवकडचे असाल तर हे चुकवूच नका, कारण रोमच्या त्याच काळात आपल्या तेरचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा आन तिथून रोमकडं. जायच्या आधी तेरचं म्युझियम बघून घ्या, मग इथं लई मजा येते. उघडायच्या वेळा मात्र आधी तपासा.

दुपारून आयर्नब्रिज. तिथं रेल्वे नाही, टेलफर्डला उतरून बस धरायची आणि रविवारी बस कमी म्हणून शनिवारीच उरका, मी रविवारी गेलो आन स्टॉपवर बसून घरनं आणलेल्या दशम्या संपवल्या. 1779 चा हा पूल, बिडाच्या लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल. वरून चालून लगेच परतू नका, खाली नदीकाठी उतरा आणि सांधे बघा, लोखंड जोडायची सवयच नव्हती म्हणून सुतार लाकडाला करतो तसे खाचा-कुसवाचे सांधे लोखंडात केलेत. पलीकडं टोलघरावर जुन्या दरांची पाटी आहे, त्यात लिहिलंय की सैनिक असो, टपालाची गाडी असो नाहीतर राजघराणं, टोल सगळ्यांना पडेल. आपल्या टोलनाक्यावर ही पाटी लावली तर काय होईल, विचार करा!

दुसरा दिवस चर्च स्ट्रेटन, स्टेशनावरून चालतच लाँग मिंडचा डोंगर. उंची 516 मीटर, म्हणजे आपलं संभाजीनगर शहरच त्याहून उंचावर, पण वारा असा की टोपी उडते, ऑगस्टात गेलात तर सगळा माथा हेदर फुलांनी जांभळा. रेनकोट घ्या, छत्री टिकत नाही.

पायवाटेचं नीट समजून घ्या. पिवळा बाण म्हणजे चालायची वाट, निळा असला की घोडा आणि सायकलपण चालते. ही वाट लोकांच्या शेतातून जाते, कधीकधी उभ्या गव्हातून, आणि पेरलं तरी शेतकऱ्याला ती मोकळी ठेवावीच लागते. आपल्याकडं वीतभर बांध कोरला तरी तहसीलला चकरा, म्हणून पहिल्यांदा पाय टाकताना मी मालक कुठून ओरडतोय का तेच बघत होतो. कोणी ओरडलं नाही. वाट सोडायची नाही आणि फाटक जसं दिसलं तसं ठेवायचं, बंद असलं तर कडी लावूनच पुढं जा, मेंढ्या पलीकडंच उभ्या असतात.