क्रॉसविंड टेकऑफ: योक म्हणजे गाडीचं स्टिअरिंग नव्हे!

विमान शिकायला येणारा जवळपास प्रत्येक जण आधी गाडी चालवायला शिकलेला असतो. आडव्या वाऱ्यात, म्हणजे क्रॉसविंडमध्ये, तेच शिक्षण नडतं; योक, म्हणजे विमानाचं हातातलं चाक, दिसतो स्टिअरिंगसारखाच.

जूनमधली दुपार, पाऊस तोंडावर आलेला. सेस्ना १५२ हे छोटं शिकाऊ विमान, शिकणारा पोरगा आणि शेजारी शिकवणारा मी. वारा डावीकडून. टॉवरने ८ नॉट (ताशी सागरी मैल) सांगितले, पण विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी पिशवी, मधूनच ताठ होत होता. पोराने थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर, पूर्ण दिला. विमानाचा वेग ४० नॉटच्या आसपास असताना नाक डावीकडे, वाऱ्याच्या दिशेला सरकायला लागलं (वारा शेपटीला ढकलतो, म्हणून नाक वाऱ्याकडे वळतं), तसा त्याने योक घट्ट धरून उजवीकडे फिरवला. पाय मात्र गार! योक उजवीकडे फिरवला की डावा एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी, खाली जातो. तो पंख उचलला जातो, वारा खालून शिरतो, शिवाय त्या बाजूचा वाढलेला ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, नाकाला आणखी डावीकडे ओढतो. डावं चाक हलकं झालं, उजवा टायर किंचाळला. मी थ्रॉटल मागे ओढला, उजवा रडर (शेपटीची उभी पट्टी हलवणारं पायाचं पेडल) दाबला, योक डावीकडे घेतला. थांबलो तेव्हा डावं चाक कडेच्या गवतात होतं.

"सर, मी तर उजवीकडेच वळवत होतो!"

हेच तर दुखणं आहे. जमिनीवर दिशा पाय सांभाळतात. हात फक्त पंख दाबून ठेवायला. वारा डावीकडून असेल तर सुरुवातीला योक पूर्ण डावीकडे. वेग वाढेल तसा हळूहळू कमी करायचा, पण एकदम सोडून द्यायचा नाही. वाऱ्याकडचं चाक शेवटी सुटलं पाहिजे. डावीकडच्या वाऱ्यात उजव्या पायाला दुप्पट काम पडतं, कारण पूर्ण पॉवरवर इंजिनही नाक डावीकडेच ओढतं. उजवीकडून वारा असला की दोन्ही ओढी थोड्याफार एकमेकींना खातात, आणि पोरांना वाटतं आपल्याला जमलं.

मी रनवेवर उभं राहिल्यावर विंडसॉक बघून मोठ्याने म्हणतो, "वारा डावीकडून, योक डावीकडे." पोरं हसतात. हसू देत.

दुसरी चूक: विमान लवकर उडू नये म्हणून योक पुढे रेटून धरणं. मग सगळा भार नोजव्हीलवर, म्हणजे नाकाखालच्या चाकावर येतो, मागची चाकं हलकी होतात आणि विमान एकचाकी हातगाडीसारखं नाकावर फिरतं. हलका दाब पुरे. नेहमीपेक्षा चार-पाच नॉट जास्त होऊ द्या, मग एकदाच ठाम उचला. चाचपडत उचललं आणि वाऱ्याने बाजूला वाहत पुन्हा खाली टेकलं, तर आडवा धक्का चाकांनी सोसायचा.

वाऱ्याचा हिशोब तोंडी यायला हवा. रनवेशी ३० अंशांचा कोन असेल तर वाऱ्याचा अर्धा भाग आडवा, ४५ ला सुमारे ७० टक्के, ६० ला जवळजवळ सगळाच. झोताचा आकडा धरा, सरासरी नव्हे. "सर, सेस्ना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचे १५ नॉट लिहिलेत." लिहिलेत ना, पण ते चाचणीत करून दाखवलेले आहेत. तो पायलट तू नव्हेस.

रनवेची मधली रेघ, म्हणजे सेंटरलाइन, सुटली आणि पायाने परत येत नसेल, तर थ्रॉटल बंद. उडून सुटका करून घ्यायची घाई नको.

आणि टाचा जमिनीवर! पंजे पेडलवर चढले की रडरबरोबर नकळत एका बाजूचा ब्रेकही लागतो. जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून आलेल्याला मी परत पाठवतो.