वनराई बंधारा: गोणी भरण्यापासून पाणी अडेपर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मार्चमध्ये आमच्या वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. म्हणून दरवर्षी भातकापणी उरकली की आम्ही वहाळावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर, वनराई बंधारा घालतो: मातीने भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध.

जागा अरुंद हवी, दोन्ही काठ उंच, आणि वरच्या अंगाला पाणी पसरायला वाव. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करा, फाटक्या नकोत. त्यात माती भरा, पण पाऊण गोणीच. गच्च भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते, नीट बसत नाही, आणि मधल्या फटीतून पाणी निसटतं. तोंड सुतळीने शिवा.

आता तळ. पहिल्या वर्षी आम्ही इथेच चुकलो. गाळावरच गोण्या रचल्या आणि रात्रीत खालून पाणी गेलं. तेव्हापासून गाळ काढून कातळ किंवा घट्ट जमीन लागेपर्यंत उकरतो. काठातली खेकड्यांची बिळं हात घालून शोधा, चिकणमातीने ठासून बुजवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण बंधारा टिकतो तो यावरच.

गोण्या विटांसारख्या सांधा मोडून लावा, म्हणजे वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. तळाशी रुंद, वर निमुळता. फटींत चिकणमाती लिंपा. मध्यभाग काठांपेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथून जाईल, काठ कापणार नाही.

पावसाळ्यापूर्वी गोण्या काढून घ्या. आणि खालच्या विहिरीची पातळी दर आठवड्याला दोरीने मोजत राहा.